सगळ्यात भारी शस्त्र कुठलं?

हा प्रश्न मला दोन ठिकाणी हमखास भेटतो. एक म्हणजे आमच्या निवृत्त मंडळींचे आणि त्यांच्या हितचिंतकांचे व्हॉट्सअ‍ॅप गट. तिथे दर आठवड्याला आपल्या एखाद्या क्षेपणास्त्राचा पल्ला शेजाऱ्याच्या क्षेपणास्त्राच्या पल्ल्याशेजारी ठेवला जातो आणि चहा संपायच्या आत युद्ध जिंकलेलं असतं. दुसरी जागा म्हणजे मेसमधल्या तरुण अधिकाऱ्यांचं टेबल. ही पोरं सुट्टीच्या दिवशी 'एलिट डेंजरस' नावाचा अंतराळातला खेळ खेळतात आणि जहाजावर कुठली शस्त्रं लावावीत यावरून जेवण थंड होईपर्यंत भांडतात.

दोन्हीकडे उत्तर शोधायची पद्धत एकच आहे. तक्ता उघडायचा, सगळ्यात मोठा आकडा शोधायचा आणि त्यावर बोट ठेवायचं. मी या पद्धतीच्या विरोधात लिहितोय. उदाहरण मात्र खेळातलं घेणार आहे. एक तर सेवेत असलेल्या माणसानं खऱ्या शस्त्रांच्या खरेदीवर मतं मांडू नयेत. दुसरं, खेळातलं गणित उघड आहे, प्रत्येक आकडा तपासता येतो. आकड्यांची पूजा करणाऱ्यांना आकड्यांनीच उत्तर देता येतं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1984 साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोघांनी बीबीसी मायक्रो या संगणकासाठी 'एलिट' नावाचा खेळ लिहिला. त्याच ब्रेबेन यांच्या केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीनं डिसेंबर 2014 मध्ये 'एलिट डेंजरस' आणला. आपली अख्खी आकाशगंगा त्यात खऱ्या प्रमाणात मांडलेली आहे. तुमच्याकडे एक जहाज असतं. व्यापार करा, धुंडाळत फिरा, चाचेगिरी करा किंवा चाच्यांना मारून इनाम मिळवा. लढायचं असेल तर जहाजावर शस्त्रं बसवायच्या ठरावीक जागा असतात, त्यांना हार्डपॉइंट म्हणतात. सुरुवातीच्या साइडवाइंडरवर दोन लहान हार्डपॉइंट मिळतात. अ‍ॅनाकोंडासारख्या अवाढव्य जहाजावर आठ असतात: एक प्रचंड, तीन मोठे, दोन मध्यम आणि दोन लहान.

प्रत्येक जागेसाठी दोन गोष्टी ठरवायच्या असतात. शस्त्राची जात कुठली आणि ते बसवायचं कसं. आता पोरं काय करतात? कुणा नावाजलेल्या खेळाडूनं तयार केलेला 'बिल्ड', म्हणजे अमुक जहाजावर तमुक शस्त्रांची तयार यादी, जशीच्या तशी उतरवून घेतात. का, असं विचारलं तर उत्तर येतं, "सर, डीपीएस सगळ्यात जास्त आहे." डीपीएस म्हणजे दर सेकंदाला होणारा मार. तक्त्यातला हा एक रकाना पाहिला की विचार संपतो.

तर या रकान्याची थोडी झडती घेऊ.

पहिली गोष्ट, मार कुणावर करायचाय? खेळातल्या बहुतेक लढाऊ जहाजांना दोन थर असतात. बाहेर ऊर्जेची शील्ड, आत धातूचं कवच. लेझरचा मार उष्णतेचा असतो, तर मल्टी-कॅनन गोळ्या झाडते, म्हणजे धडकेचा मार. कुठलाही बदल न केलेल्या शील्डवर उष्णतेचा मार 20 टक्के जास्त लागतो आणि धडकेचा 40 टक्के कमी. साध्या कवचावर उलटं होतं. तिथे धडकेचा मार 20 टक्के जास्त लागतो, उष्णतेचा आहे तेवढाच. म्हणजे तक्त्यात दोन्ही शस्त्रांपुढे 10 लिहिलं असेल तर शील्डवर लेझरचे 12 होतात आणि मल्टी-कॅननचे 6. एकाच आकड्याची दोन शस्त्रं, आणि फरक दुपटीचा. शील्ड फुटली की पारडं फिरतं, मल्टी-कॅननचे 12 आणि लेझरचे 10.

स्फोटक क्षेपणास्त्रांचा आकडा पाहून तर डोळे दिपतात. साध्या शील्डवर त्यांचा मार निम्मा होतो. शिवाय समोरच्याकडे पॉइंट डिफेन्स असेल तर ती वाटेतच पाडली जातात. तीच क्षेपणास्त्रं शील्ड पडलेल्या जहाजाच्या इंजिनांवर सोडली तर ते जहाज जागच्या जागी लुळं पडतं. शस्त्र तेच, वेळ वेगळी.

दुसरी गोष्ट, समोरच्याचा आकार. कवचाला कठीणपणा असतो आणि शस्त्राला भेदकपणा. भेदकपणा कमी पडला तर मार त्या प्रमाणात घटतो. लहान पल्स लेझरचा भेदकपणा 20 आहे. साइडवाइंडरचं कवच 20 चं, म्हणजे मार पूर्ण लागतो. अ‍ॅनाकोंडाचं कवच 65 चं. तिथे त्याच लेझरचा एक तृतीयांशही मार आत पोचत नाही. डीपीएसच्या रकान्यात हे कुठेही लिहिलेलं नसतं. शील्डला मात्र कठीणपणा लागू होत नाही, म्हणून शहाणा माणूस लहान लेझर शील्ड उतरवायला ठेवतो आणि कवचासाठी मोठी मल्टी-कॅनन किंवा प्लाझ्मा अ‍ॅक्सिलरेटर राखतो. ही साधी कामाची वाटणी आहे. वाटणी म्हटली की 'सगळ्यात भारी कुठलं' हा प्रश्न निघूनच जातो.

तिसरी गोष्ट, अंतर. पल्स लेझरची पोच 3 किलोमीटर लिहिलेली असते. ती खरी आहे. पण मार 500 मीटरनंतरच उतरायला लागतो आणि 3 किलोमीटरला पोचेपर्यंत काही उरत नाही. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातल्या पल्ल्यांच्या तुलनेचं याच्याशी जवळचं नातं आहे. पल्ला म्हणजे तिथपर्यंत पोचणं. पोचल्यावर काम होणं ही निराळी गोष्ट.

चौथी गोष्ट पोरं सगळ्यात शेवटी शिकतात, आणि माझ्या मते ती पहिली शिकायला हवी: शस्त्राला दाणागोटा लागतो. जहाजाच्या पॉवर प्लांटमधून येणारी ऊर्जा शील्ड, इंजिन आणि शस्त्रं अशी तीन खात्यांत वाटायची असते. वाटायला हातात सहा ठिपके असतात, एका खात्याला जास्तीत जास्त चार. सगळी शस्त्रं बीम लेझरची लावलीत की शस्त्रांचं खातं काही सेकंदांत रिकामं होतं. मग तिकडे चार ठिपके टाकावे लागतात. शील्ड आणि इंजिन मिळून उरतात दोन. म्हणजे तुम्ही जोरात मारताय, पण तुमची ढाल पातळ आहे आणि घोडा लंगडा. शिवाय जहाज तापतं. उष्णता 100 टक्क्यांच्या वर गेली की तुमचेच भाग जळायला लागतात. मल्टी-कॅनन ऊर्जा कमी खाते, पण तिचा दारूगोळा संपतो. लेझरचा संपत नाही. प्रत्येक शस्त्र कुठून ना कुठून किंमत वसूल करतंच.

व्हल्चर नावाचं छोटं लढाऊ जहाज याचा उत्तम धडा आहे. त्याला दोन मोठे हार्डपॉइंट आहेत, इतक्या लहान जहाजाला न शोभणारे. पण पॉवर प्लांटची जागा चार नंबरची, म्हणजे बेताची. तक्ता बघून भारी शस्त्रं चढवली की वीज पुरत नाही आणि काहीतरी बंद ठेवून उडावं लागतं. अंथरूण पाहून पाय पसरावे हे आपल्या आज्जीनं सांगितलेलं व्हल्चरच्या कॉकपिटमध्ये बसल्यावर पटतं.

आता एक हिशेब मांडतो, कारण विरोधकांची बाजूही आकड्यांत ताकदवान दिसते. समजा समोरच्याची शील्ड 100 ची आणि कवचही 100 चं. तुमच्या सगळ्या शस्त्रांचा मिळून मूळ मार सेकंदाला 10. कठीणपणा तूर्त बाजूला ठेवू. सगळी लेझर लावलीत तर शील्डला साधारण 8 सेकंद लागतात आणि कवचाला 10, एकूण 18. सगळ्या मल्टी-कॅनन लावल्यात तर शील्डला जवळपास 17 आणि कवचाला 8, एकूण 25. निम्मी-निम्मी लावलीत तर शील्डला 11 आणि कवचाला 9, एकूण 20. कागदावर सगळी लेझर जिंकली. तक्तेवाले लगेच टाळ्या वाजवतील.

पण कागदावरच्या त्या 18 सेकंदांत लेझर अखंड चालू धरलीत. खेळात तेवढा वेळ ऊर्जेचं खातं टिकेलच असं नाही, बीम लावल्या असतील तर नाहीच. खातं रिकामं झाल्यावर तुम्ही थांबून राहता, आणि समोरच्याची शील्ड परत भरायला लागते. निम्म्या-निम्म्या जहाजात शील्ड पडली की लेझर शांत होतात, त्यांचं खातं भरत राहतं, मल्टी-कॅनन कवच फोडते आणि तुमचे ठिपके तुमच्या शील्डकडे वळतात. कागदावरचा दोन सेकंदांचा तोटा तुम्हाला लढाईभर पुरणारी ऊर्जा देऊन जातो. सेकंद मोजणाऱ्या तक्त्यात हा नफा दिसत नाही, कारण तक्ता लढत नाही. त्याच्यावर कुणी उलट गोळी झाडत नाही.

पाचवी गोष्ट, शस्त्र बसवायचं कसं. तीन पद्धती आहेत. फिक्स्ड शस्त्र जहाजाच्या नाकाच्या रेषेत ठोकलेलं असतं, म्हणजे नेम तुम्हीच धरायचा. गिम्बल ठरावीक कोनात स्वतः वळून लक्ष्याचा माग काढतं. टरेट चहूबाजूंना फिरतं. ही सोय फुकट नाही. लहान पल्स लेझरचं उदाहरण घ्या: फिक्स्डपेक्षा गिम्बलचा डीपीएस साधारण एक पंचमांश कमी, आणि टरेटचा जवळपास निम्मा.

इथे मेसच्या टेबलावर एक पंथ बसलेला असतो. फिक्स्ड लावतो तो मर्द, गिम्बल लावतो तो शिकाऊ, टरेट लावतो तो झोपाळू, असं त्याचं म्हणणं. या पंथाशी माझं जुनं वैर आहे. समजा फिक्स्डचा मार 100 आणि तुमच्या निम्म्या गोळ्या लागतात. मिळाले 50. गिम्बलचा मार 80 आणि लागतात दहातल्या आठ. मिळाले 64. ज्याचा हात बसलाय, जो शंभरातल्या नव्वद लावतो, त्यानं खुशाल फिक्स्ड लावावं. त्याला आणखी एक फायदा आहे. समोरच्यानं चॅफ उडवला की गिम्बल आणि टरेट भिरभिरतात, फिक्स्डवर परिणाम होत नाही. मुरलेल्या खेळाडूंच्या द्वंद्वात फिक्स्डला मान आहे तो याचसाठी, आणि तो मान रास्त आहे. पण तो मान त्या हाताचा आहे. नवख्यानं फिक्स्ड लावून तो उसना घेता येत नाही.

आणि मर्दपणाचाच मुद्दा असेल तर रणगाड्यात जाऊन बघा. आजच्या रणगाड्याची तोफ स्थिर ठेवायला यंत्रणा असते, अंतर लेझर मोजतो, वारा आणि तापमानाचा हिशेब संगणक करतो. कुठल्याही गनरला यात कमीपणा वाटल्याचं मी ऐकलेलं नाही. जवानाच्या हाताला मदत करणारी गोष्ट घेणं हा व्यवसाय आहे. ती नाकारणं हा शौक. शौकाची किंमत शौकिनानं एकट्यानं मोजावी, त्याच्यामागे येणाऱ्यांनी नव्हे.

रणगाड्यावरून आणखी एक. टी-72 च्या फिरत्या साठ्यात 22 गोळे बसतात. त्यात चिलखत भेदणारे लांब बाणासारखे गोळे असतात, आकारित स्फोटकांचे असतात आणि पायदळावर, मोर्चांवर टाकायचे साधे स्फोटकही असतात. सगळ्यात भेदक एकच जात निवडून बाविसाच्या बावीस तेच भरा, असं कुणी म्हणत नाही. तोफखान्यातही तेच. आमच्याकडे पूर्वापार शिकवतात की तोफखान्याचं शस्त्र गोळा आहे, तोफ त्याला पोचवणारं साधन. त्या गोळ्याला फ्यूज कुठला लावायचा हे लक्ष्य ठरवतं. उघड्यावर माणसं असतील तर हवेत फुटणारा, जाड छपराचा बंकर असेल तर आत घुसून उशिरा फुटणारा. 'सगळ्यात भारी फ्यूज कुठला' असं देवळालीत विचारलंत तर उस्ताद तुम्हाला मैदानाला फेरी मारायला पाठवेल, आणि योग्यच करेल.

तक्त्याच्या भरवशावर राहण्याचं फळ काय असतं, हे बघायला खेळात जायचीही गरज नाही. सप्टेंबर 1965, खेमकरण, असल उत्तर. पाकिस्तानकडे अमेरिकी पॅटन रणगाडे होते. त्या काळच्या तक्त्यात पॅटनसमोर आपले शर्मन म्हणजे म्हातारे, आणि सेंच्युरियनही वयानं थोरलाच. पॅटनची अंतर मोजण्याची यंत्रणा आधुनिक होती, पण ती वापरायला सराव लागे, आणि तो क्रूकडे पुरेसा नव्हता असं अनेक अभ्यासकांनी लिहून ठेवलंय. आपल्या बाजूनं जमीन वापरली. शेतात पाणी सोडलं, उसात रणगाडे दबा धरून बसवले, अंतर आपण ठरवलं. त्याच लढाईत 4 ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद जीपवरच्या 106 मिलिमीटर रिकॉइललेस तोफेनं पॅटन फोडत राहिले आणि 10 सप्टेंबरला धारातीर्थी पडले. त्यांना परमवीर चक्र मिळालं.

त्या रिकॉइललेस तोफेचा तक्ता मांडून बघा. चिलखत शून्य. झाडली की मागून आगीचा आणि धुळीचा लोट उठतो आणि आपली जागा शत्रूला कळते. लगेच जागा बदलली नाही तर मरण. डीपीएसवाल्यांनी ती भंगारात काढली असती. पण जवळचं अंतर, दडायला पीक, बाजूनं मारायची संधी आणि हलती जीप हे सगळं जुळलं तेव्हा ती पॅटनला भारी पडली. शस्त्र तेच, पण कुठे, किती जवळून आणि कुणाच्या हातात, यानं निकाल लागला. पुढे पकडलेल्या आणि फोडलेल्या पॅटनची रांग भिखीविंडजवळ उभी केली गेली, लोक त्याला पॅटन नगर म्हणायचे. तक्त्यावर विसंबणाऱ्यांनी ते छायाचित्र भिंतीवर लावावं.

कारगिलचंही तसंच. 155 मिलिमीटर बोफोर्सचा पल्ला वीस किलोमीटरच्या पुढचा. पण 1999 मध्ये द्रासला तिनं नाव कमावलं ते पल्ल्यापायी नाही. उंच कोनातून डोंगराच्या धारेपलीकडे गोळे टाकता येत होते, आणि गरज पडली तेव्हा समोर दिसणाऱ्या बंकरवर थेट नेम धरून मारताही येत होतं. पल्ला मोजणाऱ्या जाहिरातीत थेट माऱ्याची ओळ कुणी वाचली असेल का, शंकाच आहे.

रायफलींवरून चालणाऱ्या वादाचं मी मत देणार नाही म्हटलं, आणि देत नाही. फक्त एक हिशेब ठेवतो. 7.62 गुणिले 51 चं एक काडतूस साधारण 24 ग्रॅमचं, 5.56 चं साधारण 12 ग्रॅमचं. म्हणजे त्याच वजनात दुप्पट गोळ्या की त्याच संख्येत जास्त जोर, हा प्रश्न चढण चढणाऱ्या जवानाच्या पाठीवरचा आहे. तो किती उंचीवर, किती दिवसांसाठी, कशासाठी जातोय हे न सांगता 'भारी कुठली' विचारणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

आता विरोधकांचं सगळ्यात चांगलं म्हणणं घेतो, कारण ते फालतू नाही. ते म्हणतात, "सर, नावाजलेला बिल्ड म्हणजे हजारो खेळाडूंच्या अनुभवाचा अर्क आहे. प्रत्येकानं चाक नव्यानं का शोधायचं? फौजेत ड्रिल म्हणजे तरी दुसरं काय?"

ड्रिल म्हणजे अनुभवाचा अर्क, हे मान्य. पण ड्रिल शिकवताना ते कुठल्या प्रसंगासाठी आहे हेही शिकवलं जातं. घातपाती हल्ल्यात पडलात तर हे, शत्रू दूर असेल तर ते. बिल्ड उतरवणारा प्रसंग उतरवत नाही. बरेचसे नावाजलेले बिल्ड माणूस विरुद्ध माणूस अशा द्वंद्वासाठी असतात. त्यात 2016 साली खेळात आलेल्या 'इंजिनिअर्स'कडून पैलू पाडून घेतलेले भाग गृहीत धरलेले असतात. तुमच्याकडे ते भाग नाहीत, तुमचा हात तेवढा बसलेला नाही, आणि तुम्ही जाताय खाणींच्या कड्यांमध्ये भुरट्या चाच्यांना पकडायला. तिथे दोन तास टिकणारं जहाज हवं, दोन मिनिटांत भडका उडवणारं नको. शिवाय समोरच्यानंही आपल्या शील्डला पैलू पाडून घेतले असतील तर उष्णता 20 टक्के जास्त लागते हा हिशेबही गेला. तेव्हा यादी तुम्हाला वाचवणार नाही. यादी का केली होती हे ठाऊक असेल तर कदाचित वाचाल.

आणि थार्गॉइड नावाचे परग्रहवासी समोर आले की सगळ्या याद्या एकदम रद्दीत जातात. त्यांच्या मोठ्या जहाजांवर माणसांची नेहमीची शस्त्रं जवळपास ओरखडाही काढत नाहीत. त्यांच्यासाठी निराळी शस्त्रं लागतात आणि तीही एका जहाजावर मोजकीच बसवता येतात. द्वंद्वातला राजा तिथे भिकारी ठरतो. शत्रू बदलला की 'सर्वोत्तम' बदलतं, याहून ढळढळीत पुरावा कुणाला हवा?

उद्देशाचंही असंच. इनाम मिळवणाऱ्याला समोरचं जहाज फोडायचं असतं. चाच्याला मात्र ते फोडायचं नसतं, माल सांडवून घ्यायचा असतो. त्याला शील्ड उतरवणारं आणि इंजिन बंद पाडणारं काहीतरी लागतं. कवचाच्या चिंधड्या उडवणारं शस्त्र त्याच्या धंद्याच्या मुळावर येतं. दोघांसमोर एकच जहाज आहे, पण दोघांच्या याद्या सारख्या असतील तर एकजण मूर्ख आहे.

फौजेत या विचाराला नाव आहे, अ‍ॅप्रिसिएशन. खडकवासल्यापासून पुढे प्रत्येक कोर्समध्ये हे डोक्यात ठोकून बसवतात. आधी उद्देश. मग परिस्थितीतले घटक: जमीन, शत्रू, आपण, वेळ, रसद. मग मोकळे मार्ग. मग योजना. शस्त्राचं नाव योजनेत येतं, सगळ्यात शेवटी. तक्तेवाला तिथूनच सुरुवात करतो आणि मग त्या शस्त्राला शोभेल असा शत्रू शोधत बसतो.

आमच्या काही ज्येष्ठांना हे सगळं वाचून हसू येईल. "पोरं खेळ खेळतात आणि हा त्यावर प्रवचन देतो." आदर राखून सांगतो, सर, वाळूचं मॉडेल हाही खेळच आहे. 1824 साली प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ यांनी नकाशावर सोंगट्या आणि फासे घेऊन युद्धाचा खेळ मांडला तेव्हाही हसणारे होते. खेळ वाईट नाही. विचार न करता खेळणं वाईट. संध्याकाळी दोन तास जो मुलगा 'का' विचारत जहाज सजवतो तो सकाळी सपोर्ट वेपन्स कुठे लावायची हेही 'का' विचारत ठरवेल. जो दोन तास दुसऱ्याची यादी उतरवतो, त्याला सकाळीही कुणीतरी यादी द्यावी लागेल. माझी काळजी ही आहे. पोरं खेळतात याची नाही.

कारण खेळात आणि आमच्या धंद्यात एक फरक आहे, आणि तो विसरणाऱ्याला मी तरी माफ करणार नाही. 'एलिट डेंजरस'मध्ये जहाज फुटलं की विम्याची सोय आहे. किमतीचे 5 टक्के भरले की तेच जहाज, तीच शस्त्रं, आणि तुम्ही परत स्टेशनवर उभे. चुकीच्या यादीची शिक्षा म्हणजे थोडी रक्कम आणि एक वाया गेलेली संध्याकाळ. जो तरुण अधिकारी उद्या चौकी सांभाळणार आहे त्याच्या हाताखालच्या माणसांना 5 टक्क्यांत परत आणता येत नाही. म्हणून मला हवंय की चुकण्याची मुभा आहे तिथेच त्यानं विचार करण्याची सवय लावून घ्यावी.

तेव्हा पोरांनो, यापुढे माझ्या टेबलावर कुणी 'सगळ्यात भारी शस्त्र कुठलं' म्हणालं तर त्यानं आधी पाच उत्तरं द्यायची. कशासाठी? कुणावर? किती अंतरावरून? किती वेळ, आणि कुठल्या ऊर्जेवर? कुणाच्या हातानं? पाचही नीट दिलीत तर शस्त्राचं नाव तुम्हीच सांगाल. आणि व्हॉट्सअ‍ॅप गटातल्या ज्येष्ठांनो, पुढचा पल्ल्यांचा तक्ता पुढे ढकलण्याआधी हेच पाच प्रश्न त्याच्याखाली लिहून पाठवा. तक्ता पाठवणाऱ्याकडून उत्तर आलं तर मलाही कळवा.